गोव्यातल्या माशेलहून ७ मेगाहर्ट्‌झ : हौशी रेडिओ स्टेशनच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज आटोपली, बहीण म्हापशाला परत गेली, आणि दिवाळीत पहिल्यांदाच निवांत हेडफोन कानाला लावला. ४० मीटरच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर नुसती घरघर. मधूनच तिच्यात एक बारीक सूर, दळणाच्या गिरणीचा पट्टा सैल झाल्यासारखा. जपान संध्याकाळी साडेसहाला एरवी स्पष्ट येतो, आज त्याचा पत्ता नाही.

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं, कारण मागच्या वर्षी केलेलं काम कशामुळे सुधारलं आणि कशामुळे बिघडलं हे आता आठवत नाही. कॉन्टॅक्टचं लॉगबुक वेगळं आहे, त्यात वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. ही वही घरच्या वेळेची.

सध्याची अवस्था अशी. सेट मायक्रो-बिटएक्स, आवृत्ती ६. हैदराबादच्या अशर फरहान यांनी (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) आखलेला, साधारण १० वॅटचा. अँटेना ४० मीटर बँडचा डायपोल, म्हणजे मध्यावर केबल जोडलेली दोन भुजांची तार, घरामागच्या दोन माडांच्या मध्ये, जमिनीपासून ८ मीटरवर. तिथून खोलीपर्यंत केबल, म्हणजे मधल्या तारेभोवती जाळी असलेली, २८ मीटर आरजी-५८ कोअॅक्स. बोलण्यापेक्षा एफटी-८, म्हणजे संगणकाकडून छोटे संदेश पाठवायची पद्धत, जास्त, कारण १० वॅटमध्ये ती बोलण्यापेक्षा कितीतरी लांब जाते. १५ सेकंदांचा एकेक डाव, ५० हर्ट्‌झ रुंदीचा सिग्नल, कानाला ऐकूही येणार नाही इतका क्षीण असला तरी संगणक तो वाचतो. २०१७ साली ज्यो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी काढलेली ही पद्धत. टेलर म्हणजे पल्सारसाठी १९९३ चं नोबेल मिळालेले तेच. आकाशातलं कुजबुजणं ऐकण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हेच सुचणार.

मोजमाप कसं करायचं हा प्रश्न होता, कारण या सेटला सिग्नल मीटर नाही. पण एजीसीही नाही, म्हणजे आवाज आपोआप कमीजास्त होत नाही, आणि ही एरवीची उणीव इथे कामी आली. एफटी-८ वाचणाऱ्या डब्ल्यूएसजेटी-एक्स प्रोग्रामच्या डाव्या कोपऱ्यात आवाजाच्या पातळीचा हिरवा पट्टा असतो, त्याचा डेसिबलमधला (डीबी) आकडा थेट लिहिता येतो. व्हॉल्यूमच्या बटणाला पेनने खूण केली. आता ते हलवायचं नाही.

अँटेना काढून : ३० डीबी.
अँटेना लावून, संध्याकाळी ७ : ५४ डीबी.

२४ डीबीचा कचरा. त्याच्याखाली दबलेलं काहीही ऐकू येणार नाही, सेट कितीही चांगला असो.

९ नोव्हेंबर, शनिवार

आईला आधी सांगून घराचा मेन स्विच पाडला, सेट आणि लॅपटॉप बॅटरीवर. ५४ चे ४७ झाले. म्हणजे ७ डीबी आमच्याच घरातले. मग एकेक एमसीबी वर करत गेलो. दोषी तीन निघाले : लॅपटॉपचा चार्जर, राउटरचा अडॅप्टर आणि स्वयंपाकघरातली एलईडी ट्यूब. ट्यूब बदलली. राउटरला जुन्या काळातला लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाला जड अडॅप्टर दिला. चार्जर रेडिओच्या वेळेत काढूनच ठेवायचा.

उरलेले ४७ बाहेरून येतात. बाबांचा खिशातला ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी लावला आणि अंगणात फिरलो. यातली फेराइटची कांडी दिशा दाखवते : कांडीचं टोक आवाजाच्या उगमाकडे वळलं की आवाज मरतो. शेजारच्या काकूंच्या बाजूच्या गडग्यापाशी घरघर सर्वांत मोठी. गडग्यापलीकडे त्यांचं तुळशीवृंदावन, आणि त्यावर दिवाळीपासून लावलेली रंगीत एलईडीची माळ, लुकलुकणारी. संध्याकाळी सहाला लागते. माझी घरघरही सहाच्या सुमारास सुरू होते.

झालं तर मग, सापडला चोर.

१३ नोव्हेंबर, बुधवार

तुळशीचं लग्न. काकूंकडे चुरमुरे आणि ऊस खाऊन झाल्यावर जीभ रेटून विषय काढला. त्या म्हणाल्या, "अरे, तुझ्या रेडिओला आमच्या तुळशीचा त्रास होतो होय? परवा काढतेच." राग नव्हता आवाजात, पण त्यांच्या सुनेने माझ्याकडे पाहिलं ते लक्षात राहिलं. पाच मिनिटं माळ बंद करून बघूया का, एवढं साधं विचारायला हवं होतं. लग्नाच्या दिवशी तुळशीवरचे दिवे विझवा म्हणायचं धाडस झालं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

माळ उतरवली आहे. संध्याकाळी ७ : ४७ डीबी.

८ डिसेंबर, रविवार

टोरॉइड आले. एफटी२४०-३१, म्हणजे २.४ इंचाचं फेराइटचं कडं, ३१ नंबरच्या मिश्रणाचं. एचएफच्या (शॉर्टवेव्हच्या) खालच्या भागाला हेच बरं. बारीक कोअॅक्सचे १२ वेढे घालून दोन चोक केले. एक डायपोलच्या मध्यावर, एक खिडकीत.

हे कशासाठी, ते मला स्वतःलाही समजायला वेळ लागला होता. कोअॅक्सच्या आत सिग्नल सुरक्षित असतो, पण त्याच्या जाळीची बाहेरची बाजू ही निव्वळ एक लांब तार आहे. ती खिडकीतून घरात शिरते आणि घरातल्या वायरिंगचा कचरा उचलून अँटेनाच्या मध्यापर्यंत नेते, तिथे तो आत घुसतो. चोक त्या बाहेरच्या वाटेवर दार लावतो, आतल्याला हात लावत नाही.

४७ चे ४२. कडी महाग पडली, पण ५ डीबी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतक्या स्वस्तात मिळाले नसते. पाठवणारी ताकद तिप्पट केली तरी पुढच्याला जेमतेम ५ डीबीच जास्त मिळतात, आणि मला ऐकू येण्यात तर शून्य फरक.

१९ डिसेंबर, गुरुवार

मुक्तिदिनाची सुट्टी. काम काही केलं नाही, बाबांशी बोलत बसलो.

त्यांनी आजोबांकडून ऐकलेली गोष्ट पुन्हा काढली : पडदे ओढून, आवाज अगदी बारीक करून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे रेडिओ केंद्र ऐकायचे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ ला आंबोलीच्या रानातून ते केंद्र सुरू केलं, पुढे ते कॅसलरॉकला हलवलं, कोकणी आणि पोर्तुगीजमधून सहा वर्षं चालवलं. गोवा मुक्त झाल्यावर त्या दोघांनी विमानातून कर्ण्यावर ती बातमी सांगितली, तो दिवस आजचा. लहानपणी मला यातल्या विमानाचं अप्रूप होतं. आता वेगळाच प्रश्न पडतो. आंबोलीचा पाऊस मी पाहिला आहे, तिथे कपाटातले कपडे ओले होतात. तसल्या रानात ट्रान्समीटर सहा पावसाळे कोरडा कसा ठेवला असेल? कॉइल, स्विच, जोड, सगळं? बाबा म्हणाले, "तुझ्यासारखे वहीत लिहीत बसले नसतील."

५ जानेवारी २०२५, रविवार

४२ वरून खाली येत नाही. घरघर संध्याकाळी साडेसहाला सुरू, पहाटे साडेसहाला बंद. दिवसा बँड स्वच्छ. काकूंची माळ गेली, नाताळचे कंदीलही वाड्यावरून उतरले, तरी हिचं वेळापत्रक तेच. फक्त सूर्य उशिरा उगवू लागला तशी तीही उशिरा थांबते.

हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. सूर्याबरोबर चालणारी वस्तू म्हणजे प्रकाश बघून लागणारा दिवा. असा दिवा या बाजूला एकच आहे, आमच्या गेटवर.

मेन स्विच पाडला तेव्हा तो का विझला नाही? विझला नसणारच, दिवसाउजेडी तपासत होतो म्हणून दिसलं नाही असं आधी वाटलं, पण ९ तारखेची तपासणी संध्याकाळची होती. ट्रान्झिस्टर घेऊन गेटपाशी गेलो. घरघर इतकी मोठी की कानापासून लांब धरावा लागला. मग वायर शोधली. पाच वर्षांपूर्वी इलेक्ट्रिशियनने गेटची लाइन घरातून न ओढता बागेच्या पंपाच्या मीटरवरून घेतली होती, जवळ पडतं म्हणून. पंपाचा मीटर वेगळा. आणि ती केबल जाते कुठून, तर काकूंच्या गडग्याला चिकटून, तुळशीच्या बरोबर मागून.

दिवा काढला. ३५ डीबी.

बल्ब फोडून पाहिला. पांढऱ्या प्लास्टिकच्या टोपीखाली अंगठ्याएवढी पाटी. तिच्यावर कॉइलसाठी जागा आखलेली आहे, भोकंही पाडलेली आहेत, पण कॉइलऐवजी तांब्याचा एक तुकडा आडवा जोडला आहे. तिच्या शेजारी कपॅसिटरची जागा तशीच रिकामी, नुसते दोन चकचकीत ठिपके. ज्याने ही पाटी आखली त्याला फिल्टर हवा हे माहीत होतं. ज्याने ती भरली त्याने दोन-चार रुपये वाचवले.

१२ जानेवारी, रविवार

काकूंकडे जाऊन खरं ते सांगून आलो. हसल्या, पण सुनेला हाक मारून माझ्याकडून परत सांगून घेतलं. भरपाई म्हणून एक पिशवी कोकम सोलं नेली होती, ती ठेवून घेतली. बरं केलं.

रात्री ३५ डीबीच्या बँडवर इटली, सर्बिया, इंडोनेशिया, आणि पाठोपाठ चार जपानी. सगळं त्याच १० वॅटवर. नोव्हेंबरातही ही स्टेशनं मला उत्तर देत असणार, मीच बहिरा होतो.

९ फेब्रुवारी, रविवार

डायपोल नव्याने बांधला. हिशोब सोपा : १४३ भागिले मेगाहर्ट्‌झ म्हणजे अर्ध्या लहरीची लांबी मीटरमध्ये. ७.१ साठी २०.१४. पण ही उघड्या तारेची गोष्ट. मी घरगुती वायरिंगची प्लास्टिक कोटिंगची तार वापरतो, तिच्यात लहर थोडी संथ चालते, म्हणून तीन-चार टक्के कमी कापावी लागते. छाटत छाटत १९.४२ मीटरवर थांबलो. नॅनोव्हीएनए या अँटेना मोजायच्या यंत्रावर ७.१० ला खड्डा, एसडब्ल्यूआर, म्हणजे किती शक्ती परत फिरते त्याचं माप, १.३ (१ म्हणजे काहीच परत नाही). ही लांबी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो : १९.४२.

दोऱ्या माडाला बांधायला पाडेली आला होता. नारळ पाडून झाल्यावर वर चढता चढता विचारतो, "ह्या माडार वायर कित्याक? टीव्ही नवो हाडला?" रेडिओ म्हटलं. रेडिओला एवढी तार लागते हे त्याला पटलं नाही, पण गाठ पक्की मारली. एका टोकाची दोरी खालून सोडता येईल अशी ठेवली आहे, दुसरी वरच बांधलेली.

मध्यावरचा कोअॅक्सचा जोड काळ्या चिकटपट्टीने गुंडाळला. तीन थर.

१५ मार्च, शनिवार

अर्थिंग. आमच्याकडे जमीन म्हणजे वर वीतभर माती आणि खाली चिरा. तांब्याचा रॉड दोन फूट गेला आणि वाकला. शेवटी चिरेखाणीवरच्या माणसाकडून खड्डा खणून घेतला, कोळसा आणि मीठ थराथराने भरून पट्टी पुरली. उन्हाळ्यात रोज एक बादली पाणी ओतायचं काम आईने आपणहून घेतलं आहे, कारण शेजारी अनंताचं झाड आहे.

२७ एप्रिल, रविवार

संध्याकाळ झाली की घाटावर विजा, आणि हेडफोनमध्ये लाह्या फुटतात. रात्री दहाशिवाय बसण्यात अर्थ नाही. सेटला मोठी उष्णताशोषक पट्टी बसवली, एफटी-८ मध्ये आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर सलग तेरा सेकंद पूर्ण ताकदीने चालतात आणि तापतात. आता बोट ठेवता येतं. बस, एवढंच.

२१ मे, बुधवार

काल दुपारपासून कोसळतो आहे. मान्सूनला अवकाश आहे म्हणतात, पण पावसाने ते ऐकलेलं दिसत नाही. कोअॅक्स सेटमधून काढून खिडकीबाहेर टाकली आहे. वीज काल रात्री नऊला गेली.

माड असे वाकत होते की डायपोलची तार वीणेसारखी ताणली जाऊन सुटत होती. दोन्ही टोकं झाडांना घट्ट बांधलेली, मध्ये सैलपणा देणारं काहीच नाही. तुटली नाही, हे नशीब. तौक्ते वादळ आलं तेव्हा, मे २०२१ मध्ये, गावात कित्येक दिवस वीज नव्हती आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मोबाइलचे टॉवरही मान टाकून बसले. हौशी रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेचा फॉर्म मी त्यानंतर भरला. त्याआधी रेडिओ म्हणजे माझ्यासाठी कॉलेजात अर्धवट सोडलेला छंद होता. २००४ च्या त्सुनामीत अंदमानात असलेल्या भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) यांनी पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवले, ते वाचलेलं तेव्हा आठवलं होतं.

२३ मे, शुक्रवार

वीज नाही, नेट नाही, बॅटरीवर सेट लावला. विजा थांबल्या होत्या. पडद्यावर सिग्नलचे पट्टे ढळढळीत दिसतात आणि वाचलं मात्र काही जात नाही. पाचेक मिनिटांनी एक ओळ आली, मग दुसरी. तिसरी आल्यावर डीटीचा, म्हणजे वेळेतल्या फरकाचा, रकाना पाहिला : उणे २.३, उणे २.२, उणे २.३. एफटी-८ ला दोन्हीकडची घड्याळं जुळावी लागतात. एक स्टेशन चुकीचं असेल, दोन असतील. सगळ्यांची घड्याळं एकाच वेळी एकाच मापाने चुकत नाहीत, चुकलं ते माझं. नेट गेल्यापासून लॅपटॉप आपल्या मनाने चालला होता. मोबाइलच्या जीपीएसवरून वेळ पाहून हाताने लावली. यूएसबीचा जीपीएस मागवायच्या यादीत.

१५ जून, रविवार

रीतसर पावसाळा. खोलीत सिलिका जेलच्या पिशव्या, सेटवर जुना पंचा.

बातमी चांगली आहे. एसडब्ल्यूआर एफटी-८ च्या ७.०७४ ला १.४, आणि आता बँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ सपाट. एवढा रुंद खड्डा फेब्रुवारीत नव्हता. कचऱ्याची पातळीही ३५ वरून ३३. पावसाने विजेच्या खांबांवरचे इन्सुलेटर धुतले गेले असावेत.

फक्त जपानचे रिपोर्ट, म्हणजे माझा सिग्नल तिथे किती जोरात पोचतो त्याचे डीबीतले आकडे, पडले आहेत. फेब्रुवारीत उणे ८ च्या आसपास मिळायचे, आता उणे १३, उणे १४. उन्हाळ्यात ४० मीटर मंदावतोच.

७ जुलै, सोमवार

चिखलकालो. देवकीकृष्णाच्या मैदानात सकाळी भाचा चिखलात लोळला आणि मग मीही. दुपारी आंघोळ करून सेटवर बसलो तर पुण्याच्या एका जुन्या हॅमने, म्हणजे हौशी रेडिओवाल्याने, आवाजावर, म्हणजे एसएसबीवर, सांगितलं : "तू गेल्या महिन्यापासून दबला आहेस. तुझ्याच अंतरावरचे बाकीचे तसेच आहेत." पुणं जवळ आहे, दुपारी तिथवर सिग्नल जवळजवळ सरळ वर जाऊन खाली येतो. त्याला ऋतूचं कारण देता येईना.

मी म्हटलं, एसडब्ल्यूआर एकदम झकास आहे. ते म्हणाले, "झकास कधीपासून झालं?"

१९ जुलै, शनिवार

पाऊस दोन तास थांबला. खालून सुटणारी दोरी सोडली, डायपोलचा मध्य हाताला आला.

काळी चिकटपट्टी सुटून लोंबत होती, तिचा डिंक चिखलासारखा झाला होता. कनेक्टर कापला. जाळी तांब्याची राहिलेली नव्हती, हिरवट काळी, बोटांत चुरली की शाई लागल्यासारखी बोटं. टोक खाली धरलं तर एक थेंब आला. मग थांबून आणखी एक. फूटभर मागे कापलं, तिथेही काळी. तीन मीटर मागे, तरीही. जाळी वातीचं काम करते, पाणी तिच्यातून आतल्या आत चढत-उतरत जातं.

कोअॅक्सचं दूरचं टोक मोकळं ठेवून खोलीतून नॅनोव्हीएनएने मोजलं. मोकळ्या टोकावरून सगळी शक्ती परत यायला हवी. जाण्यात आणि येण्यात जेवढी गळते तेवढीच कमी दिसेल. धडधाकट २८ मीटर आरजी-५८ ला ७ मेगाहर्ट्‌झवर दोन्ही वेळची मिळून सव्वादोन डीबी दिसली असती. दिसली ९.१. म्हणजे एका फेरीला साडेचार डीबी. सेटमधून निघालेल्या १० वॅटपैकी अँटेनापर्यंत साडेतीन पोचत होते, बाकीचे साडेसहा चिकटपट्टीच्या चिखलात.

आणि एसडब्ल्यूआर १.४ यायचं कारण हेच. अँटेनाकडून परत फिरणारी शक्ती वाटेतच जिरत होती. मीटरपर्यंत पोचत नव्हती, म्हणून मीटर म्हणत होता, परत काही येतच नाही, सगळं उत्तम. कोअॅक्सच्या जागी तारेचं एक ओलं भेंडोळं लावलं असतं तरी खड्डा तितकाच रुंद दिसला असता. ३५ चे ३३ झाले तेही इन्सुलेटर धुतल्याने झाले नव्हते. सिग्नलबरोबर कचराही अडला होता. १५ जूनची नोंद वाचवत नाही, पण खोडत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

चुलतभावाने मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरचा नवा आरजी-२१३ आणला. बोटाएवढा जाड, त्याचा रुबाबच वेगळा. आधी खोलीतच मोजला : ठीक. जोडाला या वेळी स्वतःत विरघळून एकजीव होणारी रबरी पट्टी, ताणून, खालून वर, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक येतात. तिच्यावर ऊन लागू नये म्हणून काळी पट्टी. कोअॅक्स घरात शिरण्याआधी खाली एक वळसा, त्यावरून पाणी निथळतं आणि खिडकीत येत नाही. हा वळसा काकूंच्या डिश टीव्हीच्या केबलला पहिल्यापासून आहे.

नवी केबल लावून एसडब्ल्यूआर : २.४. मीटर आता खरं बोलतो आहे. खड्डा ७.१० वर नाही, ६.८३ वर सरकला आहे. खाली सरकला म्हणजे तार लांबली, किंवा तिला काहीतरी चिकटलं. वर पाहिलं तर दोन्ही. माडाची ओली झावळी एका टोकावर टेकलेली, आणि तार मध्ये चांगलीच पोटात आलेली. मे महिन्यातल्या त्या दोन दिवसांत मऊ तांबं ताणलं गेलं असणार.

पाडेलीला फोन केला. "पावसांत माडार चडूंक नज." बरोबरच आहे, बुंधे शेवाळले आहेत. खाली येणाऱ्या टोकाकडूनच अर्धा मीटर दुमडून बांधलं. एक भुजा लहान, एक मोठी, कामापुरतं चालतं. खड्डा ७.०२.

पुण्याला विचारलं. "आता आलास," म्हणाले.

२७ ऑगस्ट, बुधवार

चवथ. गणपतीच्या माटोळीखाली बसून यूटीसीचं घड्याळ लावणं घरात कोणालाच आवडणार नाही. पाच दिवस सुट्टी.

१४ सप्टेंबर, रविवार

पाडेली आला. आधी डायपोल पूर्ण उतरवून अंगणात पसरला, दुमड सोडली आणि फीत लावली : १९.८३. फेब्रुवारीपेक्षा ४१ सेंटीमीटर जास्त. न तुटता एवढी लांबली, म्हणजे तांब्याला दाद द्यायला हवी. तरी ती तार बाद, बारीक तारांचा पीळ घातलेली कडक तांब्याची नवी घेतली.

एका माडावर पक्का बांध, दुसऱ्यावर कप्पी. कप्पीतून दोरी खाली, तिला वजन. वजनाला चिऱ्याचा तुकडा बांधायचा विचार होता, बाबांनी त्याला भोक पाडायला लागणारी मेहनत मोजली आणि पाच लिटरचं तेलाचं रिकामं कॅन पुढे केलं. वाळू भरून साडेसात किलो. माड हलला की कॅन वरखाली होतं, तारेवर ताण तेवढाच राहतो. पाडेली खाली उतरून बराच वेळ ते कॅन वरखाली होताना बघत राहिला. हे त्याला पटलं. झावळ्याही साफ केल्या त्याने, त्याचे पैसे वेगळे घेतले.

खड्डा ७.०९. एसडब्ल्यूआर १.३, आणि खड्डा अरुंद आहे. असाच हवा.

संध्याकाळी ७ : ३५ डीबी. जपान, उणे ७.

१९ ऑक्टोबर, रविवार

उद्या पहाटे नरकासुर. वाड्यावरची मुलं त्याच्या पोटात फटाके भरताहेत, स्पीकर तपासताहेत, ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून मोजमापच केलं.

काकूंची माळ पुन्हा लागली आहे. या वेळी त्यांनी सुनेला पाठवून आधी विचारलं, लावू ना? मीच जाऊन गडग्यावर चढून लावून दिली. लावण्याआधी ३५. लावल्यावर ३५.

यूएसबीचा जीपीएस अजून आलेला नाही. २५ आणि २६ ला जागतिक स्पर्धा आहे, एसएसबीची, आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. १० वॅटवर आवाजाने कोण ऐकणार, पण पहिले दोन तास बसून बघेन. त्याआधी गेटवर फिल्टरवाला दिवा लावायचा आहे. जानेवारीपासून गेट अंधारात आहे आणि आई रोज रात्री तेवढंच विचारते.